न वाजलेली घंटी

प्रिय कोतोए,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा वृद्धाश्रमाचा अर्जही. आईचं नाव, वय, विसराळूपणा सगळं भरून तू फक्त माझ्या सहीची जागा रिकामी ठेवली आहेस. तीस वर्षं संस्कृतच्या परीक्षेत मुलांकडून रिकाम्या जागा भरून घेणाऱ्या भावावर हा सूड बरा उगवलास! असो. सही करण्याआधी थोडं ऐक.

आई अजून रोज सकाळी सातला टोफू आणायला निघते. कालव्याकाठचा फुटपाथ आपल्या लहानपणी होता तेवढाच अरुंद आहे आणि आई त्याच्या बरोब्बर मधून चालते. सायकली रस्त्यावरून न्याव्यात असा नियम आहे. आमच्या या उजी गावात सगळे त्याला अपवाद. मात्र चालणाऱ्याच्या मागे घंटी वाजवायची नाही, हा कुठंही न लिहिलेला नियम सगळे पाळतात. वाजवली तर ‘हो बाजूला’ असं तोंडावर म्हटल्यासारखं होतं ना! मग सायकलवाला ब्रेक जरासा करकरवतो, खाकरतो आणि पुढच्याच्या मागे जन्मभर रांगायची तयारी ठेवतो.

होझुमी-सान त्यांतलेच. चहाच्या वखारीत पेट्या रचतात. तीन वर्षं आईमागे रांगत कामावर जाताहेत. खाकरतसुद्धा नाहीत, म्हातारी दचकेल म्हणून. आई म्हणते, “मागं कुणीतरी असतं रे रोज. घाईत नसतं बिचारं.” मी एकदा मागून निघालो, तर नुसत्या बुटांच्या आवाजावरून मला ओळखून वळली. “मी काय चोर आहे, पहारा ठेवायला? जा, पोरांना शिकव तुझी ती मेलेली भाषा!”

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट. फेब्रुवारीत एका सकाळी आई टोफूवाल्याच्या कोपऱ्यावर वळलीच नाही, सरळ गेली. पुढे फुटपाथ रुंद होतो. होझुमी-सान तिथून सुटले असते. ते मागेच राहिले, चांगला पाऊण तास. पुलापाशी आई थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरायला लागले तेव्हा ते उतरले, टोपी काढून म्हणाले, “आजी, माफ करा हं, मी वाट चुकलोय. टोफूचं दुकान कुठं आलं?” त्यासरशी आईला कंठ फुटला. “एवढा घोडा झालास नि वाट चुकतोस? चल माझ्यामागनं!” दर वळणावर ते विचारायचे, “इथं डावीकडे ना, आजी?” आणि आई, “तेच तर सांगतेय!” मी शेजारपाजार पालथा घालून दारात उभा होतो. आईनं टोफूची पिशवी हातात दिली. “या वेंधळ्याला वाट दाखवत बसले, म्हणून उशीर झाला.”

संध्याकाळी गोडाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदाच कामावर उशिरा पोचलेला तो माणूस दारातच वाकला. “न सांगता मागून आलो, उद्धटपणा झाला.” मी त्याहून खाली वाकलो, ते त्याहून. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा, असं मी मुलांना दरसाल सांगतो; मला त्याचा अर्थ त्या उंबऱ्यावर कळला. तुला भीती होती, एखादी सायकल आईला पाडेल. तुझी भीती खोटी नव्हे. पण आईला घरी आणलं ते सायकलीनंच.

हे सगळं आजच लिहायचं कारण, एप्रिलमध्ये होझुमी-सान बदलीवर शिझुओकाला निघालेत. काल सांगायला आले, तेही माफी मागत. जाताना सायकल माझ्याकडे ठेवून गेले. तुझ्या अर्जातली नव्हे, आईच्या मागची ही रिकामी जागा मला भरायची आहे. पायी गेलो तर ती ओळखते. सायकलीकडे मात्र वळून पाहत नाही. अडचण एकच, छप्पन्नाव्या वर्षी मला सायकल येत नाही. जोरात कुणीही चालवतं, म्हातारीच्या चालीनं चालवणं अवघड, असा होझुमी-सानचा इशारा आहे. कालव्याकाठी तुझी सीट धरून धावलो खरा, पण स्वतः कधी बसलो नाही. तू “दादा, सोडू नकोस हं!” म्हणून ओरडायचीस आणि मी केव्हाच सोडलेलं असायचं. अर्ज सही न करता परत पाठवतोय. पुढच्या रविवारी ये, माझी सीट धर. आणि मी “सोडू नकोस” म्हणालो, तर माझ्यासारखं करू नकोस.

तुझाच, अजून दोन्ही पाय जमिनीवर असलेला दादा,
त्सुनेओ