दुसऱ्याच्या चुलीवरची गूळपट्टी

३ जानेवारी

नितेशचा फोन. संक्रांतीच्या पुरवणीला गूळपट्टीवर लेख हवाय. "ताई, बारा तारखेला संध्याकाळी पान लावतोय." इतकी वर्षं पुरवण्यांसाठी लिहितेय, गूळपट्टीवर एक ओळ नाही! लहानपणापासून खात आलेल्या गोष्टीकडे कोण वळून बघतं?

भातकुलीच्या सत्यभामाबाईंकडे जायचं ठरवलं. कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यांचं आणि त्यांच्याच गावच्या देवरावांचं गूळपट्टीचं दुकान समोरासमोर. दोघं दिवसभर एकमेकांच्या मालाला नावं ठेवणार, गिऱ्हाईक हसत दोघांकडून घेणार. यंदा कार्तिकात बाईंची जागा रिकामी होती. देवरावांनी तिथे दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं.

५ जानेवारी

जागा रिकामी का, ते कळलं. बाईंचे यजमान सूर्यभानजी भादव्यात गेले.

"वरीस होयेपर्यंत आमच्या चुलीवर गोडाची कढई चढत नाही, बाई." सत्यभामाबाई बाजारासाठी वांगी निवडत होत्या. ओसरीवर त्यांचे दीर खुशालराव. ते लगेच म्हणाले, "भाऊबंदात राहाचं त रीत पाळाच लागते."

सून प्रणाली दारातून बोलली, "पन आत्याबाई, तुमाले आतापासूनच आयकू कमी येते. पुढच्या साली काय करसान?"

ऐकण्याचा काय संबंध? मग तिनंच सांगितलं. गुळाच्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतात, गोठतो का बघतात — हे सगळ्यांकडेच. या घरात तो गोठलेला थेंब पुढे पितळी परातीत टाकून वाजवतात. बद्द वाजला तर पट्टी दाताला चिकटणार. फार चिरका वाजला तर पाक पुढे गेला, कडवटणार. मधला जो एक आवाज, तो नवराबायको दोघांनाच ओळखू यायचा. सुनेला शिकवायचं दर हिवाळ्यात राहून गेलं. आता ओळखणारे कान एकाच माणसाचे उरलेत, आणि तेही मंदावताहेत.

परतताना बसमध्ये दुसरं काही सुचलंच नाही.

७ जानेवारी

वाचत बसले. तीळ-गूळ फार जुने. शेंगदाणा मात्र दक्षिण अमेरिकेतला! जहाजांतून समुद्र ओलांडून आला, आपल्या मातीत रुजला आणि गुळाशी असा बसला की जन्मापासूनचा सोयरा वाटावा. बाई परवा म्हणाल्या होत्या, "आमच्या आजेसासूच्या सासूच्या टायमाले निस्ता तीळच होता. दाना मंग आला." मी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला होता. आज ते वाक्य वहीत उतरवलं: दाणा नवा होता तेव्हाची आठवण या घरात अजून आहे!

९ जानेवारी

लेखाची पहिली ओळसुद्धा नाही. उद्या पुन्हा येते, असं बाईंना कळवलंय.

१० जानेवारी

काय दिवस!

भातकुलीला पोचले, चहाचा कप हातात आला, तेवढ्यात देवराव अंगणात हजर. नमस्कार नाही, रामराम नाही.

"काहून वो वैनी, यंदा माह्या पट्टीले नावं ठेवाले कोनीच नाही! जत्रेत मजाच नाही आली."

"तुही पट्टी नावं ठेवाच्याबी लायकीची नाही."

"मंग चाला दाखवाले! चूल माही, कढई माही, गूळ माहा. माह्या घरी त कोनी मेलं नाही ना?"

"मी हात लावनार नाही. तोंडातबी टाकनार नाही."

"कोन म्हनते लावा? सून करीन. तुमी आयका. कानाले कोनतं सुतक लागते वो?"

सगळे खुशालरावांकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे, माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. घसा खाकरला. "आता त्याच्या घरी... म्हंजे त्यात काई नाही तसं."

देवरावांच्या परसात कढई चढली. परात तेवढी घरून नेली. गूळ विरघळला, फेसाळला, लालसर झाला. प्रणालीनं थेंब वाजवला. बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून. "नाही." पुन्हा. "नाही, पोरी. घाई करून राहिली तू." पुन्हा. मग बाईंचे डोळे उघडले. "आयकला? हाच."

"आयकला, आत्याबाई."

दाणे पडले, तूप लावलेल्या पाटावर लगदा आला, लाटणं फिरलं, गरम असतानाच सुरी चालली. निवलेला तुकडा मी उन्हात धरला. आरपार उजेड! समुद्रापलीकडचा दाणा, आपल्या उसाचा रस आणि मधे एक आवाज. मोडला तर काचेसारखा — कट्!

दुसऱ्या कढईला बाई काही न सांगता नुसत्या ऐकत होत्या. "हाच" आधी प्रणाली म्हणाली.  बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी जे पाहिलं ते लिहिता येईल का मला?

१२ जानेवारी

लेख गेला. पान लागायच्या आधी! शेवट देवरावांवर केला — वैर विसरून चूल देणारा माणूस.

१४ जानेवारी

छापून आला. दुपारी देवरावांचा फोन.

"बाई, लय मोठं केलं तुमी मले. पन पोटात राहत नाही, सांगून टाकतो. वैनीनंच निरोप धाडला होता. म्हने, ये अन् मले भांड. मी नाही म्हनीन, तू आयकू नोको. अन् पेपरवाल्या बाई बसल्या असतीन तवाच ये. त्याइच्यासमोर खुशालरावाचं तोंड उघडत नाही."

म्हणजे चूल मागितली ती बाईंनीच, आणि खुशालरावांना हे अजून माहीत नाही.

इतक्या वर्षांत चुकीची बातमी गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती दिली. ही द्यायची नाही!