वरचा सा

८ जुलै

गेले एकदाची. आमच्या गिरिधररावांची कटकट — "तारा, घरी बसून माझं डोकं खाण्यापेक्षा शाळेत जा ना वं, गल्लीच्या टोकाला तर आहे." स्वतः रिटायर झाल्यापासून एकच पेपर दिवसभर वाचतात, पण रिकामी मी! शाळेतली संगीताची बाई बाळंतपणाच्या रजेवर, आणि परीक्षेला बसणाऱ्या अकरा मुली वाऱ्यावर. मुख्याध्यापिका गोपिका मॅडम म्हणाल्या, "ताई, मानधन नाही मिळणार." म्हटलं, मागितलं कोणी?

आठवीतली काजल भूप गायली. मी पेटीचा भाता मारायचाच विसरले.

१० जुलै

शाळेच्या पेटीचे वरचे सूर उतरलेत. खाली ठीक, वरच्या सा वर गेलं की मेलं. पेटी दुरुस्त करणाऱ्या नत्थूजींना वर्गातच बोलावलं. त्यांनी पेटी खोलली, एकेक सूर वाजवून पाहिला, बंद केली. "बाई, सूर तर बराबर आहे." मुलींसमोर! मी काय सोडते. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसले, नुसत्या खरखरीवरून लाइन कुठे गेली ते सांगायची. मला कान शिकवता का, म्हटलं. बिचारे चहा तसाच ठेवून गेले.

१२ जुलै

घरची पेटी ऑटोत घालून नेली. तिचेही वरचे सूर उतरलेले. दमट हवा, दुसरं काय.

२३ जुलै

पेटी बंद. तोंडीच शिकवून राहिले. सगळ्या मुली वरचा सा खाली लावत होत्या. "वर... अजून वर... हां, तिथंच थांब." दहा जणी दोन दिवसांत शिकल्या. काजल नाही. बाकी सगळं इतकं गोड, आणि सा आला की उतरलीच. रोज तेच. आज चिडून म्हटलं, "काहून वं, ऐकू येत नाही का तुला?"

"येते मॅडम," म्हणाली आणि खाली बघत बसली. हट्टी कार्टी आहे. आवडते मला, पण हट्टी आहे.

५ ऑगस्ट

हे म्हणतात, टीव्हीचा आवाज कमी कर, चौकापर्यंत ऐकू जाते. म्हाताऱ्या माणसाला सगळंच मोठं वाटतं.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. शाळा बंद. गल्लीभर पोरं लाकडी बैल ओढून राहिली आणि मी घरात बसून काजलच्या सा ची काळजी करून राहिले. वेड लागलं मला.

४ सप्टेंबर

परीक्षेला सहाच मुली पाठवायच्या असं शाळेचं ठरलं. यादी माझ्या हातात. काजलचं नाव खोडलं.

गोपिका मॅडम म्हणाल्या, "ताई, काजल? तीच तर—" म्हटलं, वरचा सा लागत नाही, परीक्षक काय लाडू देणार आहेत तिला? मोठ्या तोऱ्यात बोलले. घरी येऊन जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर

काजलचे वडील आले. शालिकराम. कळमन्याच्या बाजारात धान्य मोजायला असतात, त्यांचा बाप हातमागावर बसायचा. दारातच उभे राहिले, खुर्ची घेतली नाही.

"मॅडम, मले गाण्यातलं काही समजत नाही. पण पोरगी चार दिवस झाले गाऊनच नाही राहिली. घर सुनं लागते. तिचं काही चुकलं का?"

म्हटलं, तिचा सा उतरतो.

"मंग तो चढवता येत नाही का?"

दोन महिने तेच तर करून राहिले, म्हटलं. नमस्कार करून गेले. माझ्या डोळ्यांसमोरून तो माणूस जात नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बेसाहून मुलगा-सून आले. नात अबोलीच्या मोबाइलवर सूर तपासायचं काहीतरी आहे — बरोबर लागला की हिरवं, चुकला की लाल. मी वर्गात काजलचं गाणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्या दिवशी शालिकरामना ऐकवलं असतं तर त्यांनाही पटलं असतं. म्हटलं, लाव, बघ कशी उतरते.

हिरवं.

फोन बिघडला तुझा, म्हटलं. अबोली म्हणाली, "आजी, तूच लाव ना सा." लावला. चांगला खणखणीत, वरचा. लाल. पुन्हा लावला. लाल. अबोली हसायला लागली आणि मध्येच थांबली. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मी पोहे भिजवायला उठले.

१७ सप्टेंबर

धंतोली. कानाच्या डॉक्टरकडे तीन तास बसलो, अर्धा विदर्भ तिथेच होता. बंद खोलीत बसवून मला हेडफोन लावला. इतक्या वर्षांनी पुन्हा. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी नुसती वाट पाहत बसले होते, आणि बाहेर तपासणारी मुलगी म्हणे एकामागून एक आवाज सोडत होती.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आणि वरचे सूर आहेत त्याहून खाली ऐकू येतात. वयानं होतं असं, डॉक्टर म्हणाले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत बाप्पा!

ऑटोत ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, भर रस्त्यात. मग नत्थूजींचा तो चहा आठवला आणि अजून रडले.

१८ सप्टेंबर

फॉर्मच्या तारखेला अजून दोन दिवस आहेत. यादीत सगळ्यात वर काजलचं नाव लिहिलं. गोपिका मॅडम म्हणाल्या, "सात तर सात, मी बघते."

मग वर्गात सांगून टाकलं. माझे कान गेले, चूक माझी होती, काजल पहिल्या दिवसापासून बरोबर गात होती. वाटलं, मुली दचकतील. एकही दचकली नाही.

१९ सप्टेंबर

वर्गात गार्गीनं हात वर केला. "मॅडम, मग परीक्षेत खरावाला सा लावायचा, का तुमचावाला?"

नत्थूजी आले त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. मी रागावून येणं बंद करीन म्हणून दहा जणी गप्प राहिल्या, माझ्यासाठी सा चढवून गात राहिल्या. काजलला विचारलं, तुला माझावाला येत नव्हता का? "येते ना मॅडम. पण तो लावला का घरी जाऊन खरा सापडत नाही मंग."

मग गायली ती. सा मला उतरलेलाच ऐकू आला. शाब्बास म्हटलं.