चार नंबरनं धरलेली नोंद

३ तारीख, सोमवार
लागले एकदाची नोकरीला! रुग्णालयाच्या नोंदणी खोलीत पहिला दिवस. खिडकीजवळची जागा, नऊ नंबरचा संगणक. खुर्ची जरा कुरकुरते. मीही कुरकुरतेच, जमेल आमचं. मोठ्या बाईंनी इथली शिस्त समजावली. एका रुग्णाची नोंद एका वेळी एकालाच बदलता येते. कुणी ती उघडून बसलं की बाकीच्यांच्या पडद्यावर 'नोंद वापरात' असं येतं, शेजारी त्याचा नंबर. मग खोलीभर ओरडायचं, "सोडा हो!" आणि तिकडून "सोडलं!" आलं की आपण घुसायचं. दिवसभर नुसता कलकलाट. मला आवडलं.

५ तारीख, बुधवार
आज तीन नोंदी चार नंबरनं अडवून ठेवल्या. ओरडून ओरडून घसा बसला, पण "सोडलं" काही येईना. जाऊन बघते तर चार नंबरच्या टेबलावर संगणकच नाही! नुसती धूळ आणि एक लोंबती वायर. नव्या माणसाची मस्करी चाललीय, दुसरं काय. समोरचा टकल्या कारकून खाली मान घालून हसत होता, असं मला तरी वाटलं. बघून घेईन एकेकाला.

७ तारीख, शुक्रवार
टकल्या रजेवर, तरी चार नंबर हजर. संगणक दुरुस्तीवाल्याला विचारलं. त्याला सगळे गोगलगाय म्हणतात. म्हणाला, जुनं काहीतरी अडकून राहिलं असेल, बघतो. बघतोय कसला!
परवाच्या त्या तीन नोंदी पुन्हा शोधल्या. तिन्ही रुग्ण गेले. तिघांचंही औषध बदलायचं होतं, आणि नोंदीत लिहिल्याशिवाय वॉर्डात औषध देत नाहीत. बाईंना सांगितलं तर त्यांनी सरळ विषयच बदलला. ह्यांना सगळं ठाऊक आहे.

१० तारीख, सोमवार
धाकट्या बहिणीला इथेच दाखल केलं. ताप उतरतच नाही. आईला म्हटलं, मी आहे ना तिथे, तू काळजी करू नकोस. आल्या आल्या धाकटीची नोंद उघडली आणि उघडीच ठेवली. माझ्या हातात आहे तोवर चार नंबरची काय बिशाद! पाणी प्यायलाही उठले नाही, रात्रीही इथेच बसणार.

११ तारीख, मंगळवार
वॉर्डातून फोन. औषध धाकटीला सोसत नाहीये, डॉक्टरांना बदलायचंय, नोंद सोडा म्हणे. सोडली तर चार नंबर घेणार. मी म्हटलं, मीच लिहिते. पण औषधांचा तक्ता वेगळा उघडावा लागतो, आणि तो — चार नंबरकडे.

गोगलगाय चक्क धावत आला. म्हणाला, नोंद तुमच्याकडे, तक्ता त्याच्याकडे, दोघं एकमेकांची वाट बघत बसलात. असं झालं की यंत्र थोडा वेळ थांबतं, मग दोघांतल्या एकाला काढून टाकतं. कुणाला, विचारलं. त्यानं नुसतं माझ्या संगणकावरच्या नऊ आकड्याकडे बघितलं. मला भीती वाटतेय.

दुपार
ओरडतेय, सोडा हो, सोडा — कुणी मान वर करत नाही. पुन्हा फोन. देवा, तिला —

पडद्यावर आलं. 'नऊ नंबर काढला.'

बाई फोनवर सांगताहेत, नऊ नंबरला कुणीच बसत नाही. अहो बाई, मी इथेच — टकल्या माझ्या खुर्चीत फायली ठेवतोय, माझ्या मांडीवर, आणि मला वजनच —

धाकटीची नोंद वापरात. चार नं