शेंगा फोडायची पाच मिनिटं

बाई, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटी तुम्ही मला बोलावलंत आणि मी उशिरा पोचले, त्याबद्दल बोलायचंय. पण मी सरळ मुद्द्यावर येणारी कधीच नव्हते. चार ओळींचा प्रोग्रॅम चाळीस ओळींत लिहायचे. तेव्हा आधी क्लासचंच लिहिते.

नव्वदच्या दशकात राजारामपुरीतल्या तुमच्या टायपिंग क्लासात कॉम्प्युटर आला. मशीन एक आणि आम्ही तिघी मुली. तुम्हाला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवायला एक सर यायचे, पण सरावावर राज्य तुमचं. पंचवीस मिनिटं मशीनवर बसायचं, गजर झाला की उठायचं, गॅलरीत जाऊन पाच मिनिटं भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या आणि मग पुढची पाळी येईपर्यंत वहीत लिहायचं. शेंगा फोडताना प्रोग्रॅमचं नाव काढायची बंदी. बाई आमच्याकडून फुकटात चटणीची तयारी करून घेतात, असं आम्ही म्हणायचो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. एकदा माझा प्रोग्रॅम एकाच ठिकाणी गरगर फिरत होता, काही केल्या थांबेना. गॅलरीत बसून दहा-बारा शेंगा फोडल्या असतील, आणि चूक कुठे आहे ते लख्ख दिसलं. मी ओरडत आत पळाले, तर तुम्ही दारात आडव्या. "घावलं न्हवं? मग बस आता गप. मशीन काय पळून जात न्हाय."

आणि तो आणखी एक दिवस. गजर झाला तरी मी उठले नाही. एवढंच, एवढंच, म्हणत शिरोळहून येणाऱ्या मुलीची पाळी खाऊन टाकली. तुम्ही दोनदा हाक मारलीत, मग सरळ भिंतीवरचं बटण बंद केलंत. सेव्ह न केलेलं सगळं गेलं. मी हमसून हमसून रडते आहे आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या. "तिची यष्टी तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय? कुणीतरी वाट बघतंय, हे ध्यानात ठिवायचं की गं!" थोड्या वेळानं तुम्हीच वाटीत दाणे आणि गुळाचा खडा घेऊन आलात. "खा. उपाशी पोटी रडू नको." त्या क्षणी मला तुमचा राग येत होता आणि तुम्ही फार आवडतही होतात.

पुढे मला गावातच प्रोग्रॅमिंगची नोकरी लागली. टेबलावर मोबाइलचा गजर लावून मी तुमच्याच पद्धतीनं काम करायचे. शेंगा नव्हत्या, म्हणून पाच मिनिटं खिडकीत उभी राहायचे. सगळे हसायचे, पण अडलं की माझ्याकडेच यायचे.

तुम्ही कळंब्याला भाचीकडे अंथरुणाला खिळल्या होतात, तेव्हा एका दुपारी तिचा फोन आला. "मावशी तुमची आठवण काढत्यात. येताय न्हवं?" मी म्हटलं, पंचवीस मिनिटांत निघते. समोर एक चूक होती, दोन दिवस छळणारी, आणि आता ती हातात येईल असं वाटत होतं. गजर झाला. मी तो बंद केला आणि पुन्हा लावला. असं किती वेळा केलं, ते आठवत नाही. खिडकीशी एकदाही गेले नाही. जेमतेम वीस मिनिटांचं अंतर, आणि मी पोचले तेव्हा दिवे लागले होते. तुमच्या अंगावर पांढरी चादर होती.

"मघापतूर शुद्धीत हुत्या," भाची म्हणाली. मी विचारलं, काय काम होतं? ती म्हणाली, "काम कसलं? नुसतं बघायचं हुतं तुम्हाला."

बाई, ती चूक त्या दिवशी सापडलीच नाही. तुम्हाला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणीतरी काढली, चुटकीसरशी. मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही.

हे पत्र भाचीच्या पत्त्यावर पाठवता येईल, ती अजून तिथंच राहते. पण नाही पाठवणार. तिला मी सांगितलंय, रिक्षाच मिळाली नाही.