पक्कं करू का?

३ जून, सोमवार
लागली एकदाची नोकरी! डोळ्यांच्या दवाखान्याचं वेब अ‍ॅप्लिकेशन सांभाळायचं. खिडकीजवळची जागा, गरगर फिरणारी खुर्ची, आणि साहेब, ज्यांना इथं सगळे दादा म्हणतात, ते पहिल्याच दिवशी स्वतः चहा घेऊन आले. घरी सांगितलं तर आईनं पदराला डोळे पुसले. धाकटी बहीण मुंगी म्हणाली, आता माझा चष्मा तुमच्याच दवाखान्यात. साखरेचा डबा दिसला की ही हजर, म्हणून मुंगी. आजही तोंड गोड करायच्या निमित्तानं बकाबका साखर खाल्ली आणि झाकण उघडंच टाकलं.

५ जून, बुधवार
पहिलंच काम मजेशीर. एका पेशंटची माहिती उघडावी तर कधीकधी आधीच्याच पेशंटची उघडते. शोधता शोधता चोर सापडला. समोरच्या पेशंटचा क्रमांक ज्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कप्प्यात, ठेवतात, त्याचं नाव माझ्या आधीच्या माणसानं ठेवलंय ‘चालू’. नावासारखाच निघाला मेला! नवा पेशंट आला तरी जुन्याचा क्रमांक सोडत नाही. दादा खो खो हसले, दुरुस्ती पुढच्या आठवड्यात कर म्हणाले.

७ जून, शुक्रवार
दुपारी मुंगीचा फोन, चष्म्याची वेळ कितीची ते बघ म्हणून. तिची माहिती उघडून सांगितली. मग चाचणीसाठी भरलेला खोटा पेशंट ‘अबक’ पुसायची क्वेरी, म्हणजे हुकूम, चालवली. एक ओळ, म्हणजे एका पेशंटची नोंद, पुसली, पक्कं करू का, असा प्रश्न स्क्रीनवर आला. इथं पुसलेलं आधी कच्चं असतं. ज्यानं पुसलं त्यालाच ते गेलेलं दिसतं, बाकीच्यांना जसंच्या तसं. पक्कं केलं की सगळ्यांसाठीच गेलं. तोवर माघार घेता येते. सोमवारी नीट बघून पक्कं करू म्हटलं आणि पर्स उचलली.
घरी मुंगी दिसेना. दडून बसली असणार, दुसरं काय!

८ जून, शनिवार
आई रिकाम्या खुर्चीशी बोलतेय. खुर्चीपुढे ताट वाढलंय. माझ्यावरच चिडली, एवढा कसला अबोला, पोरगी कधीची ताई ताई करतेय. मला काहीच ऐकू येत नाही. पण ताटातला भात कमी होतोय.

९ जून, रविवार
आई म्हणते, मुंगी माझा हात धरून रडतेय. कोणता, विचारलं. डावा म्हणाली. माझ्या हाताला काहीच लागत नाही.
‘चालू’! फोन आल्यावर शेवटची उघडली ती मुंगीची माहिती. ‘चालू’नं तोच क्रमांक धरून ठेवला, मी ‘अबक’ पुसलाच नाही. देवा, काय करून बसले मी!
पण अजून कच्चं आहे. ऑफिसला धावत गेले. कुलूप. रखवालदाराच्या पाया पडले, किल्ली साहेबांकडे म्हणाला. दादा फोन उचलत नाहीत. उद्या दार उघडलं की आधी माघार. मुंगे, तेवढी कळ काढ गं.

१० जून
दादा माझ्याआधी आले होते. माझ्याच खुर्चीत बसलेले. तुझ्या अर्धवट कामामुळे सगळं अ‍ॅप अडकलं होतं म्हणाले, नवीन आहेस, राहून गेलं असेल, मीच पक्कं करून टाकलं. वर चहा घे म्हणाले.
मी किंचाळले तर म्हणाले, एक ओळच तर होती.
घरी फोन केला. आईनं विचारलं, कोण मुंगी?

११ जून
बॅकअप उघडला. तिची ओळ नाही. ‘अबक’ आहे, ठणठणीत.
हातानं भरते परत. वय भरलं. नाव — मुंगी तर लाडाचं. शाळेतलं नाव — अगं, काय होतं —
आईला विचारलं. ती माझं कपाळ चाचपून बघते, ताप आहे का म्हणून.

१२ जून
साखरेचा डबा भरलेला. झाकण घट्ट. आई म्हणते, दोघींना लागते किती, संपतच नाही —
दोघींना नाही आई. आपण तिघी —

१३
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. ही मुंगी कोण? वाचताना रडू कशाला येतंय?
डावा हात सकाळपासून जड झालाय. ओला लागतो. कुणीतरी तो घट्ट —