जर चढवला तर

तीर्थरूप शकुंतलाअक्का,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यात थांबलोय, उरलेला प्रत्यक्ष भेटीत). तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या श्वेताच्या लग्नाची खरेदी आवरत आली असेल. इकडे सुरतेत सगळे खुशाल. लग्नात नेसायचा म्हणून तू उजळायला पाठवलेला शालूही खुशाल आहे, त्याचा काळा पडलेला जर आता आरशासारखा झळकतो. फक्त शालू सध्या माझ्या ताब्यात नाही. फोनच केला असता, पण या घरात हळू बोललं की सगळ्यांना जास्त ऐकू जातं.

त्याचं असं झालं. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की आम्ही शूरवीर होतो. आमचा सौरभ या खेळाचा सूत्रधार. तो सांगतो, समोर गुहा आहे, आत राक्षस आहे. आपण काय करणार ते आपण सांगायचं आणि वीस बाजूंचा फासा ठरवणार, जमलं की नाही. मी मांत्रिक, तुझी भावजय अपर्णा योद्धा (यात तिला अभिनय फारसा करावा लागत नाही) आणि शेजारचे योगराज चोर. ते इथून जवळच्या सचिन गावातल्या मिलमध्ये सुपरवायझर आहेत, अतिशय सज्जन, पण चोरी मन लावून करतात. एकदा त्यांनी कमरेला सात तलवारी असल्याचं ठोकून दिलं, तेव्हापासून मंतरायची वस्तू टेबलावर दाखवावीच लागते. अपर्णाची तलवार म्हणजे आपलं उलथनं.

साधी मंतरणी, म्हणजे वस्तूवर मंत्र घालून तिची ताकद वाढवणं, सोपी असते. वरच्या दर्जाच्या मंतरणीचे नियम मात्र आमच्या बँकेच्या गृहकर्जासारखे: मांत्रिक दहाव्या पायरीचा हवा, वस्तू एकसंध हवी, वर ड्रॅगनचा खवला तारण. ते इंग्रजी नियम मराठीत आणायची हौस मलाच. मी लिहिलं, ‘मंतरलेल्या वस्तूवर दुसरा मंत्र चढवू नये. जर चढवला तर ताकद दुप्पट होते, पण फासा दहाच्या खाली पडल्यास वस्तू भस्म होऊन शेजारच्या खेळाडूच्या कपाटात जमा होते.’ (कपाटाचं कलम अपर्णाचं. भस्म कपाटात कसं ठेवतात हे विचारायचं नाही.)

आता सुरतेत राहणाऱ्या बाईने ‘जर चढवला’ हे शब्द कसे वाचावेत? अपर्णा जरीकाठी ओढणी पांघरून आली. म्हणाली, हा चढवला जर, करा ताकद दुप्पट. मी म्हटलं, अगं, तो जर नव्हे, हा जर-तरमधला जर. सौरभ म्हणाला, “पप्पा, लखेलुं छे ते लखेलुं छे.” (लिहिलंय ते लिहिलंय.) योगराज म्हणाले, “भाऊ, खरा जर का खोटा जर, तेवढं लिव्हायचं राहिलं तुमचं.” फासा पडला सतरा. ओढणी दुप्पट झाली.

मग मलाही राहवेना. तिचा काठ दोन बोटांचा, तुझ्या शालूचा पदर हातभर. तो मांत्रिकाचा झगा म्हणून खांद्यावर घेतला (छान दिसत होतो) आणि फासा टाकला. चार.

माझ्या शेजारी अपर्णाच बसली होती, तेव्हा शालू तिच्या कपाटात आहे. लग्नात ती तोच नेसणार म्हणते.

तुझा,
विनायक

ता. क. मुख्य काम राहिलंच. वाक्यातला ‘जर’ अव्यय ठरला तर माझा फासाच बाद होतो, कारण मी दुसरा मंत्र चढवलेलाच नव्हता, नुसता जर चढवला होता. तू आयुष्यभर व्याकरण शिकवलंस, म्हणून तुझा निकाल शेवटचा, हे अपर्णालाही मान्य आहे. तरी ‘उभयान्वयी अव्यय’ एवढे दोनच शब्द सही करून पाठव. शालू तुझाच आहे, तेव्हा निकाल निःपक्षपाती असेल याची खात्री आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अपर्णा म्हणाली की तू परवाच फोनवर ‘नाम, पुल्लिंगी’ असा निकाल देऊन मोकळी झालीस, आणि जुना शालू भावजयीला शोभेल, आपल्याला भाऊ सुरतेहून नवा आणतोय, असंही म्हणालीस. रंग कोणता हवा ते कळव.