जुन्या जकातघराचे दोन हिस्से

मी खाली सही करणारी, वय सत्त्याहत्तर, धंदा पाहुण्यांना खोल्या भाड्याने देणे, राहणार धक्क्यावरचे जुने जकातघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना म्हणाले, "डोकं आमच्यापेक्षा बरं चालतंय, गुडघ्यांचं काय ते बोला." माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जावईबापूंनी आणून पाहिले, ते पुढे येईलच.

१. माझी मुख्य मिळकत म्हणजे हे जकातघर. बंदरात मोठी जहाजे लागत तेव्हा सगळा माल याच्या दिवाणखान्यात तोलला जाई, आणि तोलणारे माझे वडील होते. पुढे बंदर गाळाने भरले, जहाजे दुसरीकडे गेली, साहेबलोकही गेले. लिलावात ही रिकामी इमारत कोणी घेईना. बाबांनी घेतली. आई म्हणाली, "पांढरा हत्ती घरात आणलात." पण दादाला, माझ्या थोरल्या भावाला, दिवाणखान्याची मोकळी फरशी दिसली. तिच्यावर अख्खे शीड पसरता येत होते. त्याने तिथे शिडे शिवायचा कारखाना काढला. टाके मी घालायची, पण कापड बेतायचे त्यानेच.

मग होड्यांना इंजिने आली. शिडे गेली, ताडपत्र्या राहिल्या, मग त्याही तयार मिळू लागल्या. मी म्हटले, लाकडी भिंती घालून खोल्या करू, पाहुणे ठेवू. दादा म्हणाला, "एकदा भिंती घातल्या की शीड पसरायला जागा उरायची नाही."

मी म्हटले, "शीड मागतंय कोण, दादा?"

त्याने बाबांकडे पाहिले, तर बाबा माझ्या बाजूचे. दुपारच्या लाँचने सुया आणि जाड कापडातून सुई रेटायची तळहाताची चामडी पट्टी घेऊन तो निघून गेला. मी जिन्यात उभी होते. राग उतरला की येईल, असे वाटले.

खोल्या चालल्या. आईबाबांचे म्हातारपण त्यावर निभावले, मुलीचे शिक्षण झाले, नवरा गेल्यावर कोणापुढे हात पसरावा लागला नाही. माझे म्हणणे बरोबर होते. आजही तेच म्हणेन. पण बरोबर ठरलेल्या माणसाला एकट्याने जेवावे लागते, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

२. बँकेतील ठेव मुलीला. दागिनेही तिलाच. माझी शिवणयंत्रे धक्क्यावरच्या शिंप्याला द्यावीत. तो ती न विचारता नेतच असतो.

३. जावईबापूंचा माझ्यावर जीव आहे, जागेवर त्याहून जास्त. इमारत पाडून मजले चढवण्याचा नकाशा त्यांनी मी तापाने पडले असताना उशाशी आणून ठेवला. त्यांना बाबांचे पितळी वजन द्यावे. यापुढे बोलण्याआधी तोलून पाहतील अशी आशा आहे.

४. खोल्या झाडणाऱ्या मावशींना मागची खोली हयातभर राहायला द्यावी. त्यांना साक्षीदार करणार होते, पण ज्याला देणे आहे तो साक्षीदार नको, असे वकील म्हणाले. साक्ष द्यायचा खरा हक्क त्यांचाच होता. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मी परगावी दवाखान्यात होते. त्या दिवसांत पाण्याकडच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ उतरले. मावशींनी नाव विचारले तर म्हणाले, "नाव कशाला, मी इथलाच." मालकीणबाई कधी येतील, असे विचारले. मावशी म्हणाल्या, परवा. "मग राहू दे. माझी लाँच उद्याची आहे."

मी परत आले तेव्हा मावशी मला आधी त्या खोलीत घेऊन गेल्या. फाटलेला पडदा कोणीतरी शिवून ठेवला होता. नव्या डोळ्यांनी मी ती टीप पाहिली. पडद्याला कोणी अशी दुहेरी टीप घालत नाही. ती शिडाला घालतात, वाऱ्याने उसवू नये म्हणून.

मी लाँचवाल्यांना विचारले, दादाच्या जुन्या पत्त्यावर माणूस पाठवला. तिथून तो केव्हाच हलला होता.

५. पुढल्या वर्षी त्याची मुलगी, माझी भाची, तो गेल्याचे सांगायला आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिच्यापुढे चहा ठेवला. मग ती म्हणाली, "बाबा नेहमी म्हणायचे, तुझ्या आत्याचंच बरोबर होतं."

"मग दोन दिवस थांबला का नाही?"

"घरी आल्यावर म्हणाले, ती भेटली नाही हे बरंच झालं. समोर असती तर काय बोलायचं, सुचलं नसतं."

तिला मी विचारले की या भिंती आता काढून टाकू का. ती म्हणाली, "काढून काय करायचं, आत्या? पाहुणे झोपतील कुठे?" मला हसू आले आणि मग हसू राहिले नाही. भिंती राहू द्याव्यात.

६. माझ्या पश्चात जकातघराचा अर्धा हिस्सा मुलीचा आणि अर्धा भाचीचा. एकीच्या लेखी संमतीशिवाय दुसरीने विकू नये, पाडू नये. मुलीला हे आवडणार नाही. तिने एवढेच समजून घ्यावे की हा अर्धा भाग मी देत नाही, तो त्याचाच होता. पडदाही भाचीचा.

७. वकील म्हणतात, यातला बराच मजकूर कायद्याच्या कामाचा नाही, काढून टाका. एक वाक्य आणखी घालते. सुचायला कशाला हवे होते, दादा? नुसता येऊन बसला असतास.

सही: जकातघरवाली
साक्षीदार: १. डॉक्टर, वर लिहिलेले. २. समोरच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक. दोघांनी आपल्या डोळ्यांदेखत सही होताना पाहिली, चहा घेतला नाही.
स्थळ: जकातघर, पाण्याकडची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच